दुधाच्या दोन पिशव्या

प्रश्न: ताई, मी ३६ वर्षांची. मी आणि माझ्या मिस्टरांनी भांडणतंटा न करता वेगळं व्हायचं ठरवलंय. ऐरोलीचा वन बीएचके दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं, हप्ता ३१ हजार. त्यातले ११ मी भरते. माझा पगार ३४ हजार, त्यांचा ५८. मुलगी चौथीत आहे. घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं म्हणतात. खोली घेतली तर हप्ता कुठून भरू? डोंबिवलीला आईकडे जाऊ, की चार लाखांची एफडी मोडून हेवी डिपॉझिटवर (महिन्याच्या भाड्याऐवजी मालकाकडे एकरकमी मोठी अनामत ठेवून) घर घेऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: एफडी मोडू नका. हे आधी सांगते, कारण पत्र मिळेपर्यंत तुम्ही एखाद्या एजंटला फोन केलेला असेल.

त्या एका वर्षासाठी दोन घरं लागत नाहीत. संमतीच्या घटस्फोटात वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. ते एकाच छताखालीही होऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. मी स्वतः ठाण्यात आठ महिने तशी राहिले. गॅसचा डावा बर्नर माझा, उजवा त्यांचा. फ्रीजच्या दारात दुधाच्या दोन पिशव्या असायच्या, माझ्या पिशवीला रबर लावलेलं. रात्री हॉलमधला दिवा बंद होईपर्यंत मी पाणी प्यायलाही बाहेर यायची नाही. सोपं नव्हतं, पण त्या आठ महिन्यांत भाड्याचे पैसे वाचले आणि त्यातूनच पुढे कळव्याच्या खोलीचं डिपॉझिट भरलं. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र हा सल्ला लागू नाही. तसं काही सुरू झालं तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा आदेश किंवा दुसऱ्या घराचं भाडं मागता येतं.

आता कर्ज. खरा गुंता इथे आहे. तुम्ही घर सोडलंत, अगदी कोर्टाचा हुकूमनामा हातात आला, तरी बँकेच्या लेखी तुम्ही कर्जदारच राहता. मिस्टरांनी हप्ता चुकवला तर बँक तुम्हालाही विचारणार आणि तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, खाली येणार. म्हणून या आठवड्यात दोघं मिळून बँकेत जा आणि एकच विचारा: फक्त ५८ हजारांच्या पगारावर कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर कराल का? ‘हो’ म्हणाले तर तुमच्या हिश्श्याचे पैसे कधी आणि किती मिळणार, हे संमतीच्या अर्जातल्या अटींमध्ये तारखेसकट लिहून घ्या. ‘नाही’ म्हणाले तर घर विकून कर्ज फेडणं आणि उरलेलं वाटून घेणं हाच स्वच्छ मार्ग दिसतो. इमारत सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) जमिनीवर असेल तर हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागू शकतं, ते हिशेबात धरा.

हेवी डिपॉझिटमध्ये तुमचे सगळे पैसे एका माणसाच्या खिशात जातात. घर सोडताना त्याच्याकडे नसले तर तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार, तेही दुसऱ्या खटल्यासाठी. पुढे कधी खोली घेतलीत तर साधं महिन्याचं भाडं ठरवा आणि लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, रजिस्टर करूनच घ्या. कळव्यात घरमालकाने मला तीनदा विचारलं होतं, “मिस्टर कधी येणार राहायला?” मी प्रत्येक वेळी करार पुढे केला. त्यावर एकच नाव होतं, माझं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो.

आईकडे शनिवार-रविवार जा, मन मोकळं करा. पण मुलीची शाळा या वर्षी बदलू नका. तिच्या दप्तराची जागा आहे तिथेच राहू द्या.