कलश हातात घेण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल आपल्या बस्तीच्या, जैन देवळाच्या कट्ट्यावर तू विचारलंस, "अण्णा, महाराजांना आहार देताना वचन शुद्धी, म्हणजे माझं बोलणं शुद्ध आहे, असं म्हणताना जीभ अडली तर काय करायचं?" चार माणसं बसलेली, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणालो. रात्रभर झोप नाही.

बेळगावच्या मेसमध्ये तू आठला जेवतेस, भाजीत कांदा-बटाटा असतो, आणि घरी फोनवर सांगतेस, दिवस मावळायच्या आत जेवले. आता महाराजांचा चातुर्मास आपल्या गावात, गुरुवारी तुमच्या घरी चौका, म्हणजे महाराजांच्या आहाराचा शुद्ध स्वयंपाक, आणि कलश तुझ्या हातात द्यायचं आईनं ठरवलंय. रात्री जेवतेस याचं मला काही वाटत नाही. लपवतेस, त्याचं वाटतं.

1978 साली मीही हॉस्टेलवर होतो. सुट्टीला आलो, तर कलश-नारळ देऊन मलाच दारात उभं केलं. "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ" म्हणालो, महाराज थांबले. मन शुद्धी, वचन शुद्धी, काय शुद्धी, आहार-जल शुद्ध, सगळं खणखणीत म्हटलं. आदल्या रात्री नऊ वाजता स्टँडसमोर ऑम्लेट खाल्लं होतं. महाराज उभ्यानं ओंजळीत आहार घेत होते. चौथ्या घासाला भातात केस निघाला. अंतराय, म्हणजे विघ्न; त्या दिवसाचा आहार तिथंच थांबतो. ओंजळ सुटली. दिवसातून एकदाच जेवणारा माणूस पाण्याचा घोटही न घेता माघारी गेला.

केसाचा आणि ऑम्लेटचा संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी आई म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं, आणि तिनं गूळ सोडला. आमचं घर उसाचं, मळ्यात गुऱ्हाळ. बावीस वर्षं ती काकवीच्या वासात बसून बिनगुळाचा चहा प्याली. मी बोललो असतो, तर निदान सगळा दोष तिनं एकटीनं घेतला नसता. ती गेली, तरी मी बोललो नाही.

म्हणून सांगतो, लपवू नकोस. आई दुखावेल म्हणतेस. दुखावेलच! चार दिवस अबोला धरेल, शेजारणी कुजबुजतील. मग? तुला काय वाटतं, न सांगून तू तिला जपतेस? तू स्वतःला जपतेस. मीही तेच केलं होतं.

ज्यांचं नाव घेऊन आपल्याकडं नियम देतात, ते शांतिसागर महाराज इथले, भोजचे. दृष्टी अधू झाली, पायाखाली जीव येतो की काय ते दिसेना, तेव्हा 1955 साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून शांतपणे देह ठेवायचं व्रत घेतलं. ती वाट त्यांची, आपली नव्हे. पण पाळता येईना तो नियम पाळतो म्हणत राहायचं नाही, एवढं त्यांच्याकडून घे. उद्या बस्तीत कुणी "नियम घे" म्हणून हात जोडायला लावलं, तर जमेल तेवढाच घे. महिन्याचा घे, आठवड्याचा घे. भीडेखातर जन्माचा घेऊ नकोस.

आजीच्या काळी आमच्या घरात चतुर्थ-पंचम या आपल्या जैनांतल्या दोन पोटजातींच्या सोयरिकीचं नाव काढायची सोय नव्हती. आज होते. कुणीतरी पहिल्यांदा पत्रिकेवर नावं छापून, मांडव घालून केली म्हणून. चोरून केलेल्यानं गाव बदलत नाही गं.

आई गेल्यावर वर्षभरानं मी पंचांसमोर सांगितलं: शाळा, शिकवण्या उरकून घरी यायला सात वाजतात, मी रात्री जेवतो. तेव्हापासून अभिषेकाच्या सवालात, म्हणजे मानाच्या बोलीत, मला कुणी विचारत नाही, आहाराला बोलावत नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो, सोड ते गाव. का सोडू? णमोकार मंत्र मी याच बस्तीत शिकलो. रोज सकाळी जातो, मागच्या खांबाशी उभा राहतो, गंधोदक, मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी, घेतो. हट्टी म्हणतात, म्हणू देत. मी चूक केली असं मला वाटत नाही. उशीर केला, एवढंच. तो उशीर तू करू नकोस.

बुधवारी संध्याकाळी, चौक्याची भांडी काढायच्या आधी, आईला एकटीला गाठून सांग. मेसचं सगळं सांग, बटाट्यासकट. कलश ती काकूकडे देईल, देऊ दे. गुरुवारी सकाळी तू अंगणात उभी राहा. महाराज वळले की हात जोडून नमोस्तु म्हण. नमोस्तु म्हणायला काल कधी जेवलीस ते कुणी विचारत नाही. मी समोरच्या कट्ट्यावर असेन.

तुझे,
अण्णा