लस: जखमेतली आणि सुईतली

प्रश्न असा आलाय की खरचटल्यावर जखमेतून येते ती लस आणि दंडावर टोचतात ती लस हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच, आणि 'लस विषाणूंना मारते' असं लिहिलं तर चालेल का.

शब्द एकच आहे. लस घेणं, लस देणं, लसीकरण हे सगळ्यांना माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. हे उच्चाराने सारखे पण मुळात वेगळे असे दोन शब्द आहेत असं काही जाणकार ठासून सांगतात ते मला अजिबात पटत नाही, कारण पहिली लस होती कशी हे त्यांनी बघितलेलंच नसतं. गाईला देवी आल्या की आचळांवर फोड यायचे, धार काढणाऱ्या बायकांच्या हातावरही यायचे, आणि त्या फोडात जे पातळ चिकट पाणी असायचं तीच लस, इंग्लंडमधल्या जेन्नर नावाच्या डॉक्टरने माणसांतल्या देवीच्या रोगापासून बचाव म्हणून १७९६ साली एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली तीच घेऊन एका मुलाच्या दंडावर टोचली. चरकसंहितेत त्वचेखालच्या आणि व्रणात दिसणाऱ्या अशा द्रवाला लसीका म्हटलंय, आपली लस त्याच घरची.

आता मुंबईत या. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा करत ती इथे पोचली आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, हिंदुस्थानातली ही पहिली लस. पुढे आठवडाभराने त्या मुलीच्या दंडावर जो फोड आला त्यातली लस काढून दुसऱ्या मुलांना, त्यांच्या फोडातली तिसऱ्यांना, असं दंडावरून दंडावर करत ती पुण्यापर्यंत, सुरतेपर्यंत गेली. लोकांना सुईच्या टोकावर दिसत होती ती फोडातली लस, मग दुसरं काय म्हणणार? माझं तर मत आहे की हिंदीने टोचल्याच्या खुणेवरून 'टीका' म्हटलं आणि आपण द्रवाचं नाव ठेवलं ते यामुळेच. गुजरातीत बघा, 'रसी' म्हणजे पू आणि रसी म्हणजेच व्हॅक्सिन, कन्नडमध्ये 'लसिके', म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातल्या या तिन्ही भाषा त्या फोडालाच धरून आहेत!

आणि खरी गंमत पुढे आहे. जेन्नर स्वतः त्या फोडातल्या द्रवाला चक्क 'व्हायरस' म्हणतो. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, चिकट ओंगळ द्रवसुद्धा, आणि तो आपल्या 'विष'चा सख्खा भाऊ, मूळ एकच. म्हणजे लस आणि व्हायरस ही एकेकाळी एकाच थेंबाची दोन नावं होती. तंबाखूच्या पानांवरचा रोग बारीक गाळणीतूनही पार होतो हे बघून बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्याला 'सजीव संसर्गजन्य द्रव' म्हटलं, तोवरही तो द्रवच होता, कण डोळ्यांना दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. त्यामुळे 'विषाणू शब्द चुकीचा, तो कुठे विष सोडतो, सरळ व्हायरस म्हणा' असं शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण व्हायरस म्हटलं तरी तुम्ही विषच म्हणताय, फक्त लॅटिनमधलं. विषाणूत निदान तो अगदी बारीक आहे हे तरी कळतं.

हां, तो 'मारते' राहिलाच. लस कुणाला मारत नाही. विषाणू पेशीवरच्या ठरावीक रेणूला चिकटतो, आत शिरतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. अशा बिघडलेल्या पेशींना मारतात त्या शरीराच्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), आणि बाहेर फिरणाऱ्या विषाणूला प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, चिकटली की त्याला नव्या पेशीत शिरता येत नाही. लस फक्त आधी ओळख करून देते. त्या ओळखीचं काम चालतं लसीका ग्रंथींमध्ये, पुन्हा तोच शब्द बघा, दंडावर टोचलं की काखेत दुखरी गाठ येते ती हीच, आणि पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं तेही हेच, आजीला लसीका ग्रंथी माहीत नव्हती पण अवधाण पक्कं माहीत होतं.

तर 'लस शरीराला विषाणूशी लढायला तयार करते' असं लिहा. आणि 'विषाणूवर अँटिबायोटिक दिलं' हे तर कृपा करून कुठेच लिहू नका, ते जिवाणूंवर चालतं.