पाय सोडून देणाऱ्या मुलानं काय खेळावं?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. वय १२, उंची आत्ताच ५ फूट ६ इंच. उंची बघून शाळेत त्याला कबड्डीत घेतलं आणि पंधरा दिवसांत काढलं. चढाईला आलेल्या पोराचा पाय ह्यानं धरला होता. ते पोरगं ‘दुखूलालंय रे, सोड की’ म्हणालं आणि ह्यानं खरंच सोडला. सगळं मैदान हसलं. आमचे मालक म्हणतात, तालमीत घाला नाहीतर फास्ट बॉलर करा, जरा टणक होईल. मला वाटतं बुद्धिबळ बरं. त्याला धीट करेल असा खेळ कोणता?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, खोटं कशाला बोलू, पत्र वाचून आधी मीही हसलो. मग दुसऱ्यांदा वाचलं. भित्रं पोरगं चढाईवाल्याच्या जवळच जात नाही, कोपऱ्याला चिकटून उभं राहतं. तुमच्या मुलानं पाय धरला होता. त्याला दुसऱ्याला दुखवणं जमत नाही, एवढंच. तेव्हा ‘धीट करणारा खेळ’ हा शोध आधी सोडून द्या. खेळ म्हणजे औषध नव्हे, आणि हा काही आजारही नव्हे.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, चूक करून सांगतोय. शाळेच्या मैदानावर ३२ वर्षं शिट्टी फुंकली. नोकरीच्या सुरुवातीला नववीतला एक असाच ताडमाड पोरगा माझ्याकडे होता, वडील यंत्रमागावर. त्याला मी बास्केटबॉलच्या रिंगखाली उभा केला आणि रोज ओरडायचो, ‘अरे, खांदा लाव की!’ तो खांदा लावायचा आणि मग समोरच्याला ‘लागलं का?’ म्हणून विचारायचा. महिनाभरात तो मैदानावर यायचा बंद झाला. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला व्हॉलीबॉलचं जाळं बांधलेलं होतं. तिथं त्याला पाठवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून माझं पहिलं उत्तर व्हॉलीबॉल. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावात विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायाम शिक्षकानं हा खेळ काढला. बास्केटबॉल त्याच्या चारच वर्षं आधीचा. पण वयानं मोठ्या माणसांना त्यातली धक्काबुक्की झेपेना, म्हणून मॉर्गननं मधे जाळं बांधलं. म्हणजे अंगाला अंग लागू नये यासाठीच हा खेळ जन्मला. जोर लावायचा तो चेंडूवर, आणि चेंडू काही ‘दुखूलालंय’ म्हणत नाही. पुरुषांचं जाळं २.४३ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फुटांवर असतं. लहान गटांत ते खाली घेतात. तुमच्या मुलानं हात वर केला की बोटं आत्ताच सात फुटांपर्यंत जात असतील.

मात्र एक सांभाळा. उंच पोरगं दिसलं की त्याला जाळ्याशी उभं करून नुसतं स्मॅश आणि ब्लॉक करायला लावतात. तुम्ही सरांना विनंती करा, पहिलं वर्ष त्याला खालून चेंडू घ्यायला आणि लिफ्टिंगला ठेवा. या वयात हातपाय मेंदूच्या पुढं पळत असतात. पोरगं स्वतःच्याच पायात अडखळतं, ताटाला हात लावून वाटी सांडतं. चेंडूखाली पाय नेण्याची सवय लागली की ते धांदरटपण कमी होतं. आणि लिफ्टरचं काम म्हणजे दुसऱ्याला मारायला सोपा जाईल असा चेंडू उचलून देणं. तुमच्या मुलाला ते न शिकवता आवडेल, असं मला आपलं वाटतं.

व्हॉलीबॉल नाही रुचलं तर बॅडमिंटन. तिथंही मधे जाळं आहे. पी. व्ही. सिंधूचे आई-वडील दोघंही व्हॉलीबॉलपटू, वडील पी. व्ही. रमणा १९८६च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. उंची घरातूनच आली, पण मुलीनं रॅकेट उचलली आणि त्यांनी उचलू दिली. स्वभावानं शांत असलेल्या सिंधूला तिचे तेव्हाचे प्रशिक्षक गोपीचंद यांनी कोर्टवर उभं करून मोठ्यानं ओरडायला लावलं होतं. पण ते पुढं, ती खेळात रुजल्यावर. आधीच ओरडायला लावलं असतं तर काय झालं असतं, हे मला माझ्या त्या बास्केटबॉलच्या पोराकडे बघून कळलंय.

तिसरी उंच उडी. समोर माणूस नाहीच, नुसती आडवी काठी. फक्त एक लक्षात ठेवा, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून गाजलेली ती पाठीवर पडायची फॉसबरी पद्धत जाड गादी असेल तरच करू द्यायची. वाळूच्या खड्ड्यात ती करायची नाही, मानेवर बेतेल. वाळू असेल तर कात्रीची उडी, म्हणजे कात्रीसारखे एकामागून एक पाय काठीवरून न्यायचे आणि पायांवरच उतरायचं.

आता तुमच्या मालकांसाठी. तालमीला माझा विरोध नाही, पण पोरगं स्वतः म्हणालं तर. क्रिकेटचं म्हणाल तर आपल्या सोलापुरात १९२६ साली जन्मलेले पॉली उम्रीगर चांगले उंच होते. ते गाजले फलंदाज म्हणून; कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचंच, १९५५ साली, २२३ धावा. उंच दिसला की फास्ट बॉलर, असा काही कायदा नाही. आणि ताई, बुद्धिबळ खेळू द्या की, पण संध्याकाळी, दिवे लागल्यावर. एवढे लांब हातपाय दिवसभर पटासमोर दुमडून ठेवू नका.

गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ आलं, दाबल्यावर दुखू लागलं, तर उड्या थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. भराभर उंची वाढणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं, बहुतेक वेळा विश्रांतीनं आणि हलक्या व्यायामानं निवळतं. ‘सहन कर’ म्हणणाऱ्या शिक्षकाचं ऐकू नका, मीही तसं म्हणायचो. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत उरका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस सहज ओलांडतो. जाताना पोटात काहीतरी असू द्या. कडक भाकरी नि शेंगाचटणी मैदानावरून आल्यावर, पोटभर.

आणि बूट घेताना ‘वाढत्या अंगाचा आहे’ म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. सैल बुटात उडी मारली की घोटा मुरगळतो. साधे घ्या, पण मापाचे घ्या, आणि दर तीन-चार महिन्यांनी अंगठ्यापाशी दाबून बघा.