बेळगावातल्या मंडळाची मराठी वेबसाइट कशी करावी? कन्नड पानं ठेवावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गल्लीतल्या मंडळाची वेबसाइट काढायची आहे. तिच्यावर शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो, नाटक-सिनेमाची परीक्षणं आणि सीमाप्रश्नावरचे लेख येतील. जुन्या स्मरणिका श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. कन्नड पानं ठेवावीत की नाही यावर मंडळात दोन मतं आहेत. डिझायनरने जो नमुना दाखवलाय त्यात पहिल्याच पानावर मोठा भगवा बॅनर आहे, फिरती चित्रं आहेत आणि सगळा मजकूर चित्रातच लिहिलेला आहे.

तो नमुना घेऊ नका. चित्रात लिहिलेलं मराठी सर्च इंजिनच्या हाती भरवशाने लागत नाही, डोळ्यांनी अधू माणसाच्या फोनला ते नीट वाचून दाखवता येत नाही, मोठं केलं की धूसर होतं आणि कुणाला त्यातली एक ओळ सहज उचलून पुढे पाठवता येत नाही. आपल्याकडे कार्यक्रमाची पत्रिका व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून फिरते आणि आठवड्यात नाहीशी होते. सीमाभागातल्या मराठीची नोंद अशी वाहून जाऊ देणं आपल्याला परवडणारं नाही. म्हणून पहिला नियम एवढाच ठेवा: प्रत्येक गोष्ट आधी युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) मजकुरात लिहायची, चित्र तिच्या खाली लावायचं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम जुन्या स्मरणिकांचं आहे, त्यामुळे ते आधी सांगतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून मजकूर कॉपी केला की कचरा दिसतो. पीडीएफमधून कॉपी करू नका, त्यात अक्षरांचा क्रमही बिघडतो. छापखान्यातून पेजमेकरची (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची) मूळ फाइल मिळवा, तीत वापरलेल्या फॉन्टचं नेमकं नाव लिहून घ्या आणि त्याच फॉन्टचा तक्ता असलेला कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, वापरा. एका फॉन्टचा तक्ता दुसऱ्याला चालेल असं समजू नका.

कन्व्हर्टरच्या चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो पूर्ण जोडाक्षराच्या आधी यावा लागतो. कच्चा कन्व्हर्टर त्याला एकच घर मागे नेतो आणि ‘कार्यकर्त्यांनी’चं ‘कार्यकत्र्यांनी’ होतं. हे रूप मराठी साइटवर सर्रास दिसतं. पण म्हणून ‘त्र्या’ शोधून सरसकट बदलू नका, नाहीतर ‘त्र्याहत्तर’ बिघडेल, आणि २००० साली बेळगावात झालेलं अखिल भारतीय साहित्य संमेलन त्र्याहत्तरावंच होतं. ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट असतं. ती जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, आणि कन्व्हर्टरने तिला अर्ध्या अक्षरामागेच सोडलं की ‘स्थिती’च्या पोटात तुटक गोल दिसतो. तिसरी जागा आडव्या रफाराची. खानापूरकडच्या ‘दऱ्या’ त्या फेऱ्यात ‘दर्या’ होऊन जातात आणि शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर त्याला चूक म्हणत नाही, कारण शब्द बरोबरच असतो. मजकुराच्या मध्ये इंग्रजी शब्द असतील तर तेही मराठी अक्षरांच्या कचऱ्यात बदललेले सापडतील.

मूळ फाइल हरवली असेल तर छापील पानं ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर स्कॅनमधला मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर ओळखतं. दोन रकान्यांचं पान असेल तर आधी रकाने वेगळे कापा, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात. मग दोघांनी मिळून तपासा, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. स्कॅन केलेलं पान फेकू नका, लेखाखाली तेही ठेवा.

टाइप करतानाही एक गोष्ट ठरवून घ्या. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं अक्षर डोळ्यांना सारखं दिसतं, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. साइटवरच्या शोधपेटीत एकाने शोधलं की दुसऱ्याने लिहिलेलं सापडत नाही. साठवताना सगळीकडे एकच रूप होईल अशी सोय डिझायनरकडून करून घ्या.

आता फॉन्ट. मराठी आणि कन्नड एकाच पानावर येणार असेल तर एकाच घराण्यातले फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपने काढलेला अनेक, किंवा गूगलचा नोटो, दोन्हींत देवनागरी आणि कन्नड आहे आणि दोन्ही मोफत आहेत. लांब लेखांसाठी टायरो देवनागरी मराठी फार देखणा आहे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, आणि टायरो कन्नडही मिळतो. अडचण एकच, टायरोला ठळक जाडी नाही. ठळक मागितलं तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ‘ध’, ‘भ’ यांची पोटं भरून जातात. म्हणून मजकूर टायरोत ठेवा आणि शीर्षकं अनेकच्या ठळक जाडीत. जाड्या दोनच घ्या, चार-पाच घेतल्या की पान जड होतं आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जिथे रेंज येते-जाते, तिथे ते उघडायला वेळ लागतो. डिझायनर फॉन्टची फाइल छाटून लहान करणार असेल तर जोडाक्षरांचे नियम, अदृश्य जोडचिन्हं आणि रुपयाचं चिन्ह राहिलंय का ते बघा. हे सुटलं की जोडाक्षरं फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरं दिसायला लागतात.

पानाची भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्मात मराठीसाठी ‘एमआर’ आणि कन्नडसाठी ‘केएन’ लिहिलेलं आहे का ते तपासून घ्या, कारण बहुतेक तयार टेम्पलेटमध्ये इंग्रजीच राहून जातं. ते चुकलं की फोन मराठी मजकूर भलत्याच उच्चारात वाचून दाखवू शकतो, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाच्या ल-श ची सोय असते ती चालू होत नाही.

अक्षराचा आकार १८ पिक्सेल आणि ओळीची उंची १.७ ठेवा. इंग्रजी टेम्पलेटमधली १.२ ची उंची शीर्षकाला तशीच राहिली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली लटकतो, त्यालाही जागा लागते. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच हवं, नाहीतर शिरोरेखा तुटते. मजकूर दोन्ही कडांना ताणू नका, फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. तिरपं अक्षर मराठीला शोभत नाही, नाटकाचं नाव अवतरणचिन्हांत द्या. लिंकखालची रेघ अक्षरापासून थोडी दूर ढकला, ती उकार कापत जाते. बातमीचा सारांश ‘पहिली १०० अक्षरं’ असा आपोआप कापला जात असेल तर ‘स्त्री’चा ‘स्त्’ उरू शकतो, शब्दांच्या सीमेवर कापायला सांगा.

भगव्या रंगाबद्दल. पांढऱ्यावर नेहमीचा भगवा (एफएफ९९३३) टाकला तर उठाव (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २.१ ला १ येतो, वाचनीयतेचा मान्य निकष किमान ४.५ ला १ आहे. भगव्यावर पांढरी अक्षरं टाकली तरी तेच. पट्टा भगवा ठेवून अक्षरं काळी केली की उठाव ९ च्या पुढे जातो. रंग राहतो आणि वाचताही येतं. अक्षरामागची सावली आणि सोनेरी कडा मात्र काढूनच टाका, शिरोरेखेच्या आसपास त्यांचा चिखल होतो.

साइट चालवायला वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर पानाचा पत्ता (यूआरएल) रोमनमध्ये लिहा. देवनागरी अक्षर पत्त्यात साठवताना एका अक्षराची किंवा मात्रेची नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याची मर्यादा २०० चिन्हांची आहे. म्हणजे बावीस अक्षरा-मात्रांतच पत्ता मध्येच तुटतो. डेटाबेस यूटीएफ-८ एमबी४ या अक्षरसंचात हवा, नाहीतर इमोजी साठवताना अडचण येऊ शकते.

चित्ररथांचं पान दरवर्षी नवं करा, जुन्यावर नवं लिहू नका. आपली शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, आणि बाहेरचा माणूस १९ फेब्रुवारी धरून शोधतो. म्हणून तिथी, तारीख आणि साल तिन्ही मजकुरात हवं. मिरवणूक रात्रीची असल्याने फोटोत दाणे येतात, आणि दाण्यांमुळे फाइल आकाराने फुगते. आधी दाणे कमी करा, मग १२०० पिक्सेल रुंदीवर वेबपी (लहान आकाराचा चित्रप्रकार) करा. फोटोच्या वर्णनात ‘चित्ररथ’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या गल्लीचं मंडळ, कोणता प्रसंग, किती साली, हे लिहा. वीस वर्षांनी कुणी नातू आजोबांचा देखावा शोधेल तो गल्लीच्या नावावरूनच.

नाटक-सिनेमाच्या परीक्षणात प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि संस्था वरच्या दोन ओळींत येऊ द्या. मोठ्या शहरांतल्या प्रयोगांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. स्थानिक हौशी प्रयोग, जवळच्या कडोली-येळ्ळूर गावांची साहित्य संमेलनं यांची नोंद तुम्ही केली नाही तर कुणी करणार नाही, म्हणून माझ्या मते पहिली जागा त्यांना द्यावी.

कन्नड पानं ठेवा. माझं मत स्पष्ट आहे. सरकारी परिपत्रकं आणि उतारे मराठीत मिळावेत अशी आपली जुनी मागणी आहे. जो समाज स्वतःच्या भाषेत कागद मागतो, त्याने शेजाऱ्याच्या भाषेत आपली बाजू सांगायला कचरू नये. शिवाय कन्नड शाळेत शिकलेली मराठी मुलंही आता आपल्याच गल्लीत आहेत. २०२४ च्या कायद्याने दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण सक्तीचा फलक आणि आपल्या मनाने लिहिलेलं पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त ते यंत्राने भाषांतरित केलेलं नको, गावांची आणि माणसांची नावं त्यात हमखास बिघडतात. सगळं कन्नडमध्ये आणायची गरज नाही. मंडळाची ओळख, कार्यक्रम आणि सीमाप्रश्नावरचा मुख्य लेख पुरे, पण ते कन्नड जाणणाऱ्या माणसाने लिहिलेले असावेत.

भाषा बदलायच्या बटणावर झेंडा लावू नका. भगवा झेंडा म्हणजे मराठी आणि लाल-पिवळा म्हणजे कन्नड, असं डिझायनर सहज करून टाकतो. आपल्या गावात त्या दोन रंगांवरून काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, आणि बटण दाबल्यावर त्याच लेखाचं दुसरं रूप उघडू द्या, मुखपृष्ठ नको. मजकुरात ‘बेळगाव’च लिहा. पत्त्याच्या पानावर मात्र १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी नाव ‘बेळगावी’ही द्या, कारण नकाशावर आणि टपालात लोक त्याच नावाने शोधतात.

राजकीय लेखांची मांडणी सगळ्यात काळजीने करा. बातमी आणि मत यांची पानं वेगळी ठेवा आणि मताच्या पानावर ‘मत’ असं शीर्षकाच्या वर लिहा. आकडा लिहिला की त्याच्या शेजारी कागदाचं नाव हवंच. सीमावादासाठी केंद्राचा महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली अहवाल आला, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकला देण्याची शिफारस होती आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवलं होतं. हा एक कागद. महाराष्ट्राच्या मागणीतल्या गावांचा आकडा कुठे ८१४ तर कुठे ८६५ छापलेला दिसतो, आणि महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावात ८६५ आहे. दोन्ही आकडे तारीख न देता एकाच लेखात घातले की समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवतो. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याची प्रत्येक तारीख एका कालपटावर नोंदवत जा. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली. तिची नोंद या कालपटावर हवी आणि साहित्याच्या पानावरही हवी. लेखात दुरुस्ती केली तर गुपचूप करू नका, खाली तारखेसह लिहा. प्रतिक्रिया वाचूनच प्रसिद्ध करा, विशेषतः १ नोव्हेंबर (कन्नड राज्योत्सव आणि आपला काळा दिन) आणि १७ जानेवारी (हुतात्मा दिन) यांच्या सुमारास. कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनात वाचक एकदम वाढू शकतात, म्हणून लेखांची पानं तयार स्वरूपात साठवून देणारी सोय आधीच चालू ठेवा.

आणि डोमेन मंडळाच्या नावावर, मंडळाच्या ईमेलवर घ्या, डिझायनरच्या किंवा यंदाच्या सेक्रेटरीच्या नावावर नको. पंचमंडळी बदलली की पासवर्ड हरवतो, नूतनीकरणाची सूचना जुन्या माणसाच्या ईमेलवर जाते आणि मुदत संपून डोमेन दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. शक्य असेल तर एकदम पाच वर्षांचं भरून टाका. सगळ्या मजकुराची एक प्रत दर तिमाहीला पेनड्राइव्हवर काढून मंडळाच्या हिशेबवह्यांबरोबर ठेवा, आणि नव्या कमिटीला चार्ज देताना चावी-वह्यांच्या यादीत तिचंही नाव लिहा.