दिसलेला साप आणि न दिसलेला साप

बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत वर येतात, म्हणून पावसाळ्यात माझ्याकडच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदाची काही निवडक पत्रं घेतो.

प्रश्न : स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरमागे नाग निघाला. सासऱ्यांनी काठी उचलली. मी सगळ्यांना बाहेर काढून आतलं दार लावून घेतलं. "घाबरट" म्हणून अजून ऐकून घेते आहे. चुकलं का माझं?

अजिबात नाही. नाग फणा काढतो तेव्हा तो अंगावर यायच्या तयारीत आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो "लांब राहा" एवढंच सांगत असतो. अंगाचा साधारण पुढचा तिसरा हिस्सा तो उभा करतो आणि तेवढ्याच टप्प्यात झेपावू शकतो. दोन-तीन मीटर लांब उभ्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही. काठीवाल्याला मात्र नेमकं त्या टप्प्यात शिरावं लागतं. काठी फरशीवर आपटते, साप सिलिंडरखालून ओट्याच्या फटीत जातो आणि आता तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. दिसलेल्या सापापेक्षा न दिसलेला साप कितीतरी जास्त धोक्याचा.

तुम्ही केलंत त्यात दोन गोष्टींची भर घाला. आतल्या दाराखालच्या फटीत गोणपाट किंवा जुनी चादर कोंबा आणि बाहेरचं दार सताड उघडं ठेवा, म्हणजे त्याला जायला वाट राहील. एका मोठ्या माणसाने लांबून नुसती नजर ठेवायची. तोवर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सर्पमित्र आल्यावर पहिला प्रश्न विचारतो, "कुठे आहे?" त्यावर "आत्ता इथंच तर होता" हे उत्तर ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत.

प्रश्न : गोठ्यात घोणस मारली. शेजारी म्हणतात, केस होईल. खरं का? आणि पुतण्या हौसेने साप पकडून बरणीत ठेवतो, त्याचं काय?

नाग आणि घोणस या दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं आणि पकडायचा प्रयत्न करणंही त्यातच येतं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने, प्राणी मारला गेला तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा होत नाही. गव्हाणीखाली वेटोळं करून पडलेल्या घोणशीला चौघांनी मिळून ठेचलं असेल, तर तिथे जीव वाचवण्याचा मुद्दा मांडणं अवघड जाईल. तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते पत्रात नाही, म्हणून यापुढे बोलत नाही. पुतण्याची बरणी मात्र सरळसरळ कायद्याबाहेर आहे. शिवाय त्याच्या जिवावर बेतेल ते वेगळंच.

आणखी एक. मेलेल्या सापाला हात लावू नका. तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं.

प्रश्न : विहिरीजवळ अजगराचं पिल्लू दिसलं. मुलाला हातात घ्यायचं होतं, मी नको म्हटलं. फोटो पाठवत आहे.

तुमच्या "नको"ने मोठा अनर्थ टळला. फोटोतलं जनावर घोणस आहे. तपकिरी अंगावर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा, मानेहून रुंद तिकोनी डोकं, आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, ठिगळांसारखे असतात. डुरक्या घोणशीचंही तसंच. ती बिनविषारी, शेपूट अगदी आखूड, पण नावामुळे आणि रंगामुळे उगाच जीव गमावते. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यातही लोक फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेकडे ठळक असतात.

एवढं सांगूनही माझा सल्ला असा, की ओळख पटवायच्या भानगडीत पडूच नका. सरपटणाऱ्या सापाच्या अंगावरचे पट्टे भल्याभल्यांना धड मोजता येत नाहीत. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. एका खेपेला २० ते ४० पिल्लं सहज होतात आणि वीतभर पिल्लूही पहिल्या दिवसापासून विषारी असतं. ती विहीर काही दिवस मुलांसाठी बंद ठेवा.

प्रश्न : घराभोवती फिनेल शिंपडलं, लसूण ठेवला, तरी साप येतो. एक पकडून नेला तर त्याचा जोडीदार सूड घ्यायला येईल का?

फिनेलने फरशी स्वच्छ होते आणि लसूण फोडणीला लागतो. साप या दोन्हींना जुमानत नाही. सूडबीडही नाही. दुसरा साप येतो तो उंदरांसाठी. सरपण, विटा, कोंबड्यांचं खाद्य भिंतीपासून दूर हलवा आणि मोरीच्या तोंडाला जाळी बसवा.

प्रश्न : आम्ही जमिनीवर झोपतो. भाऊ पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड झाल्या. अंगावर कुठेच खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले मण्यार. खूण नसताना असं कसं?

मण्यारीचे दात बारीक असतात. चावा झोपेत कळतही नाही आणि खूण शोधून सापडत नाही. पहाटेची पोटदुखी आणि न उघडणाऱ्या पापण्या यांवरूनच डॉक्टर ओळखतात. अंथरुणाखाली कडा खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. खाट असेल तर उत्तमच.

चावा झालाच, तर अंगठ्या, बांगड्या, जोडवी, करदोटा काढून टाका, सूज आल्यावर ते निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर करा. रुग्णाला चालवू नका, १०८ला फोन करा. दोरीने आवळणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं यांतलं काहीही करू नका. साप पकडून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. घोणस-फुरशाचा संशय असला की डॉक्टर रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का ते पाहतात. काहीच लक्षण नसलं तरी रुग्णाला २४ तास ठेवून घेतात. "बरं वाटतंय" म्हणून मधेच घरी आणू नका.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दवाखान्यात मोठ्या माणसाइतकीच लस टोचली. डॉक्टरांची चूक झाली का?

नाही. तापाचं औषध मुलाच्या वजनावर ठरतं, सर्पदंशाची लस तशी ठरत नाही. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. लस मारायची असते ती त्या विषाला, म्हणून मात्रा मोठ्यांइतकीच.