माझ्याखाली कुणीच आलं नाही तर?

“मॅडम, रविवारपर्यंतच ऑफर आहे. जॉइन होऊ का नको, एवढंच सांगा.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या बोलल्या. मूल लहान म्हणून दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेली, अधूनमधून घरी बसून टायपिंगची कामं करायच्या. जुन्या ऑफिसमधली जिवाभावाची मैत्रीण एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत, म्हणजे ओळखीच्यांना माल विकायचा आणि आपल्याखाली नवे विक्रेते जोडायचे अशा कामात, होती आणि तिचा रोज फोन येत होता. घरबसल्या काम, आपल्या सोयीची वेळ, डोक्यावर साहेब नाही. झूमवर दोन मीटिंग झाल्या होत्या आणि अपलाइनमधल्या, म्हणजे मैत्रिणीच्या वरच्या फळीतल्या, एका सरांनी ‘प्लॅन’ दाखवला होता. नवरा म्हणत होता, “तुला वाटत असेल तर कर.” आपल्याला नक्की काय वाटतंय, हेच तर त्यांना उमगत नव्हतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. मी हो किंवा नाही सांगत नाही. आज माझ्या शब्दावर नको म्हणणारा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या शब्दावर हो म्हणतो. हिशेब त्याने स्वतःच्या हाताने मांडलेला असला, की मग तो डगमगत नाही.

ताईंनी पिशवीतून शाम्पूची बाटली काढून टेबलावर ठेवली. “वापरून बघा, खरंच चांगला आहे.” असेलही. पण शाम्पू चांगला आहे का आणि तो विकून माझं घर चालेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मीटिंगमध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं रंगवून देतात, की दुसरा विचारायचा राहूनच जातो. मी बाटली बाजूला ठेवली आणि प्लॅन उघडायला सांगितला.

मोबाइलवर गोलांचं चित्र आलं. मधे ‘तुम्ही’, खाली तुम्ही आणलेल्या माणसांचे 6 गोल, त्या प्रत्येकाखाली आणखी 6. आम्ही वहीत आकडे मांडत गेलो. सहा, छत्तीस, दोनशे सोळा. अकराव्या ओळीत 36 कोटींहून जास्त माणसं लागतात, बाराव्या ओळीत 217 कोटी आणि तेराव्या ओळीत 1306 कोटी. जगाची सगळी लोकसंख्या 800 कोटींच्या घरात आहे. ताई हसल्या. “एवढं खाली कोण जातंय, मॅडम? मला चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ झालं.”

मला बोलायचं होतं ते इथूनच पुढे. हे झाड कुठल्याही ओळीवर थांबवा, चौथ्या किंवा आठव्या, त्यातल्या दर 100 माणसांपैकी साधारण 83 शेवटच्या ओळीत असतात. त्यांच्याखाली कुणीही नसतं. ती माणसं आळशी असतात, त्यांना बोलता येत नाही किंवा त्यांचे विचार निगेटिव्ह असतात म्हणून असं होतं का? मुळीच नाही. सगळ्यांनी सारखेच कष्ट केले तरी 83 तळालाच राहतात, कारण चित्राचा आकारच तसा आहे. “तू पॉझिटिव्ह राहिली नाहीस” हे वाक्य ऐकून स्वतःला दोष देत बसलेली किती माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हे गणित मी प्रत्येकाकडून करून घेते.

“आता धरून चाला की तुमच्याखाली कुणीच आलं नाही. फक्त गिऱ्हाइकाला माल विकला. महिनाअखेरीला हातात काय उरेल?”

ताई बराच वेळ त्या गोलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे कुणी बोललंच नाही.”

खऱ्या धंद्याचं आणि साखळीचं वेगळेपण याच प्रश्नात आहे, आणि ही कसोटी माझ्या मनची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 1975 च्या एका निकालात साखळी योजनेची खूण सांगितली आहे. माणूस पैसे भरतो, त्याबदल्यात त्याला माल विकायचा हक्क मिळतो आणि नवी माणसं आणल्याबद्दल मोबदलाही मिळतो, पण त्या मोबदल्याचा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला झालेल्या विक्रीशी संबंध नसतो. त्याच कमिशनने 1979 साली एका मोठ्या कंपनीची योजना तपासून ती पिरॅमिड, म्हणजे अशी साखळी योजना, नाही असं ठरवलं. तेव्हा कंपनीचे तीन नियम विचारात घेतले गेले. विक्रेत्याने घेतलेल्या मालातला निदान 70 टक्के महिन्याभरात विकलेला असावा, त्याने दरमहा 10 वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विक्री केल्याचा पुरावा द्यावा आणि न खपलेला माल परत घेतला जावा. नियम कागदावर असणं वेगळं आणि पाळले जाणं वेगळं, हे खरं. तरी विचारायचं काय, हे त्यातून नीट कळतं.

आता यादी. मीटिंगमध्ये 100 ओळखीच्या लोकांची नावं लिहायला सांगतात, आणि ताईंची 64 झाली होती. मी म्हटलं, ही वही उत्तम आहे, फक्त पेन्सिल घ्या. ज्यांच्याकडे पैसे मागायला जीभ रेटणार नाही, ती नावं खोडा. ज्यांना दुकानातला स्वस्त शाम्पू पुरेसा वाटतो, ती खोडा. जे तुमचं मन राखायला एकदाच घेतील, तीही खोडा. या शेवटच्या वेळी हात अडखळायला लागला. मोठ्या नणंदेचं नाव त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. “घेतील हो त्या. पण नंतर मला त्यांच्याकडे नुसतं भेटायला जाता येणार नाही.” 64 पैकी 9 नावं उरली.

खर्चाचं थोडक्यात सांगते. जॉइनिंग किट स्वस्त असतं, त्यावर जाऊ नका. कमिशन मिळवायला ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहावं लागतं आणि त्यासाठी दरमहा ठरावीक पॉइंटचा (कंपनी मालाला गुण देते, त्या हिशेबाने) माल उचलावा लागतो, खरा खर्च तो. विक्री कमी पडली की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत माणूस पॉइंट भरायला स्वतःच माल घेतो, आणि कपाटात खोकी साठत जातात. त्या महिन्यात गिऱ्हाईक तोच झालेला असतो. त्याशिवाय सॅम्पल, जाण्यायेण्याचा खर्च, सेमिनारची तिकिटं, थकलेली उधारी.

सगळेच फसतात असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई वर्षानुवर्षं हेच काम करतात. त्यांची चाळीसेक ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, त्या कुणालाही प्लॅन दाखवत नाहीत आणि साठा करत नाहीत. ऑर्डर आली की माल मागवायचा, पोचवायचा, पैसे घ्यायचे. कमाई बेताची आहे, पण त्यांना ती पुरते आणि त्या खूश आहेत.

ताईंना मी एकच सुचवलं. रविवारची ऑफर जाऊ दे, जो धंदा चांगला आहे तो पुढच्या महिन्यातही चांगलाच असणार. तोवर जॉइन न होता मैत्रिणीच्याच नावावर तिचा माल विकून बघा. त्या 9 जणांना विचारा आणि लागलेला प्रत्येक मिनिट वहीत लिहा. मैत्रिणीकडून तीन गोष्टीही मागून घ्या. तिच्या गेल्या सहा महिन्यांच्या कमाईतले किती पैसे गिऱ्हाइकाकडून आले आणि किती खालच्यांनी उचललेल्या मालावर, तिने स्वतः किती माल घेतला, आणि माल परत घेण्याचा व सोडून जाण्याचा नियम लेखी कुठे आहे.

महिन्याने त्या वही घेऊन आल्या. नवापैकी पाच जणांनी घेतलं, दोघांनी पुन्हा मागितलं. निरोप पाठवणं, पोचवणं, उधारीची आठवण करून देणं, सगळे मिळून 26 तास. दर शंभराच्या विक्रीमागे त्यांच्या वाट्याला वीस येत होते आणि त्यातूनच जाण्यायेण्याचा खर्च निघत होता. तेवढ्याच तासांत टायपिंगमधून जवळजवळ तिप्पट मिळालं असतं. हे त्यांनी स्वतःच शेवटच्या पानावर मांडून आणलं होतं, खाली दोन रेघा मारून.

“मग ठरलं?” मी विचारलं.

“धंद्याचं ठरलं. तिला कसं सांगू, ते ठरत नाहीये.” डोळे भरून आले होते. मैत्रिणीने तीनपैकी दोन गोष्टींची उत्तरं दिली नव्हती. माल परत घेण्याच्या नियमाचं पान तेवढं पाठवलं होतं. “ती मला फसवत नाहीये, मॅडम. तिला मनापासून वाटतंय की माझं भलं होईल.”

माझाही तसाच समज होता आणि मी तो बोलून दाखवला. बोलावणाऱ्याचा हेतू चांगला असतो म्हणूनच नकार इतका जड जातो. त्यासाठी कारणांची यादी द्यायची गरज नसते, कारण प्रत्येक कारणाचं उत्तर मीटिंगमध्ये तयार करून दिलेलं असतं. वेळ नाही म्हटलं तर वेळेचं, पैसे नाहीत म्हटलं तर पैशांचं. आम्ही दोघींनी बसून मेसेज लिहिला. ताईंनी त्यातली दोन वाक्यं काढून टाकली आणि एक स्वतःचं घातलं:

“महिनाभर करून बघितलं गं. हे माझं काम नाही, मी जॉइन होणार नाही. यावर आता आपण पुन्हा बोलायला नको. शुक्रवारी घरी ये, पिशवी न घेता.”

उत्तर यायला दोन दिवस लागले. ताईंनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. “येते. पण शाम्पू संपला की माझ्याकडूनच घ्यायचा हं.”

अजून तिच्याकडूनच घेतात.