वाचक विचारतात : जुना वस्तरा

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एक वस्तरा मिळाला. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन, जर्मनी’ असा शिक्का आहे. पात्यावर गंज चढलाय, मूठ पिवळट पांढरी. दुकानदार म्हणाला, हस्तिदंत आहे, दीडशे वर्षं जुना माल. घरीच दुरुस्त करून त्याने दाढी करायची आहे. ड्रिलला बफ (पॉलिशची कापडी चकती) लावून घासला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बफ राहू द्या. वस्तऱ्याची धार कागदासारखी पातळ असते. बफखाली ती काही क्षणांत तापते, पिवळी-निळी झाक आली की पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. शिवाय बफ पातं हिसकून कुठे भिरकावेल, याचा नेम नाही.

दीडशे वर्षांचं मनावर घेऊ नका. सोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर चक्क इंग्लंडमधल्या नामांकित ‘शेफिल्ड’चा शिक्का मारत. अशा नकलेला आळा घालायला ब्रिटनने 1887 मध्ये कायदा केला आणि मालावर ‘जर्मनी’ लिहिण्याची पद्धत पडली. तुमचा वस्तरा बहुधा त्यानंतरचा.

मूठही बहुधा सेल्युलॉईडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची. तिच्यावर फूटपट्टीने आखल्यासारख्या एकसारख्या समांतर रेघा दिसतील. खरा हस्तिदंत निघाला तर मामला वेगळा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सेल्युलॉईड जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मुठीत मिटलेलं पातं तिथेच गंजतं. मूठ तडकली असेल, आंबूस वास येत असेल तर ती बदलावीच लागेल. त्या मुठीजवळ ज्योत नेऊ नका, भुर्रकन पेटते.

आता मुख्य काम. घड्याळजीची लूप (डोळ्याला लावायचं भिंग) घ्या आणि धारेवरून टोकापर्यंत सावकाश नजर फिरवा. गंजाचे काळे खड्डे अगदी धारेपर्यंत पोहोचले असतील किंवा केसाएवढा तडा दिसला, तर तो वस्तरा शोकेसमध्ये ठेवा. खड्डे नुसते पाठीकडे, म्हणजे पात्याच्या जाड कडेला, असतील तर बिनधास्त पुढे जा. तेल लावून रात्रभर ठेवा, मग 1000 नंबरचा वॉटर पेपर बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने फिरवा. धारेच्या दिशेला बोट आडवं येऊ देऊ नका. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तिथे हातच लावू नका, ती पहिल्याच घासणीत जाते. काळे डाग राहिले तर राहू द्या. आरशासारखं पातं करायच्या नादात लोक त्यावरचा शिक्काच पुसून टाकतात, मला ते बघवत नाही.

धारेसाठी सपाट दगड हवा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून, अजिबात जोर न देता ओढा. कोन पाठच सांभाळते. 1000 नंबरच्या दगडावर, पात्याच्या टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळी धार मनगटावरचे केस सारखे कापेपर्यंत पुढचा दगड काढू नका. मग 4000, 8000. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पण तिथे पाठ पुढे. उलटं केलंत तर पट्टा कापला जाईल.

प्रश्न : रिव्हेट (पातं-मूठ जोडणारी खीळ) काढून मूठ सुटी करू का?

उत्तर : पहिल्याच वस्तऱ्याची नको. मूठ मजबूत असेल तर पाईप-क्लीनरने आतून पुसा, पातं साबणाने धुऊन स्पिरिट लावा, कोरडं करून तेलाचं बोट फिरवा. पहिली दाढी फक्त गालावर. हनुवटी आणि गळा पुढच्या खेपेला.